आधी दफन बघा

चाचांचं नाव मी सांगणार नाही. माझ्या बाबांचंही नाही. नाव सांगितलं की आमच्या जमातीतली माणसं लगेच विचारतात, कुठल्या गावचे, कुणाचे, बहीण कुणाच्या घरात दिली. मग गोष्ट राहते बाजूला आणि नातीगोती सुरू होतात. तेव्हा चाचा म्हणजे चाचा. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांनी गप्प बसून ऐकावं.

आखातातल्या तेल कंपनीच्या अहमदीच्या ऑफिसात चाचा पत्रव्यवहाराचे हेडक्लार्क होते. व्हरांड्यातून एखादा इंग्रज साहेब येताना दिसला की ते उभे राहत, टाय सरळ करत आणि शांतपणे सांगत, "सर, तुमच्या पणजोबांचं दफन आजच्या टपालानं आलं." साहेब नवा असेल तर त्याचा चेहरा उतरे. जुना असेल तो विचारी, "आणि लग्न?" चाचा म्हणत, "लग्न अजून सापडत नाही, सर. पण मुलं झालेली आहेत." हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसावं की रागवावं ते साहेबाला कळत नसे.

ही खोड त्यांना मुंबईत लागली. तरुणपणी ते फोर्टमध्ये एका इंग्रज वकिलाकडे होते. हिंदुस्थानात एखादा इंग्रज बेवारस मेला की त्याचे नातेवाईक हुडकायचं काम त्या वकिलाकडे येई. इंग्लंडात गावोगावच्या चर्चमध्ये चारशे वर्षं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं ठेवलीत, आणि तिथल्या पाद्र्याला नीट अदबीनं पत्र लिहिलं तर तो शोधून नक्कल पाठवतो, हे चाचा तिथं शिकले. पुढं वकील गेला, इंग्रजही गेले, चाचा आखातात आले. इथं त्यांना परत इंग्रज सापडले, तेही घरापासून लांब पडलेले आणि वाळूकडे बघून कंटाळलेले. त्यांच्या खापरपणज्या शोधायला चाचा आनंदानं बसले. मोबदला म्हणून घेत ती फक्त पुस्तकं. सुट्टीवर जाणाऱ्या साहेबानं येताना कुठल्याशा परगण्याच्या रजिस्टरांची छापील प्रत आणायची, एवढंच.

आम्ही अहमदीजवळ फहाहीलला त्यांच्याच घरात राहत होतो. एका अरबाचं मातीचं घर, मध्ये चौक. ते अख्खं चाचांनी भाड्यानं घेतलं होतं आणि दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या. बाबा अहमदीच्या बंदरात जेट्टीवरच्या लाँचवर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. त्याआधी गलबतावर होते. आई आणि मी मागाहून आलो. चाचा आमच्याच बाजूचे, दाभोळच्या खाडीवरचे. चाची गावाला असायच्या, आणि त्या दोघांचं पत्रांतूनच बरं जमायचं, असं आई म्हणे.

जेवण आमच्याकडे. आणि जेवायला बसले की कटकट सुरू. इंग्रजांच्या घराण्यांच्या ढाली असतात, त्यावर सिंह, गरुड, किल्ले असलं काहीबाही काढलेलं असतं, आणि त्या चित्रांचा एक पक्का नियम आहे, रंगावर रंग चालत नाही. लालवर हिरवं नाही, निळ्यावर काळं नाही. रंगावर सोनं पाहिजे नाहीतर चांदी, म्हणजे पिवळं नाहीतर पांढरं. आमची ताटं लाल एनॅमलची. त्यात आईनं हिरवी चटणी वाढली की चाचांचा हात वर.

"वहिनी, रंगावर रंग."

"भाई, पोटात गेल्यावर कोण बघायला येतंय?"

"नियम तो नियम."

"मग नुसता भात खा. चांदी आहे."

आणि चाचा खरंच नुसता भात खाऊन उठायचे. शेवटी आईनं हार खाल्ली आणि त्यांच्यासाठी एक पांढरी बशी आणली. त्या बशीला आम्ही हात लावायचा नाही.

इंग्लंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण नॉरफोकमधल्या अमुक गावाहून तमुक गावाला जायला मध्ये ओढा लागतो, म्हणून ओढा भरला की बाळं अलीकडच्याच दुसऱ्या चर्चमध्ये नेत आणि ती तिथल्या रजिस्टरात सापडतात, हे त्यांना तोंडपाठ. फहाहीलच्या बाजारात झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, कुठल्या कोपऱ्यावर ताजी मिळते हे मात्र दर खेपेला आईला विचारायचे. एकदा एका पाद्र्याचं पत्र आलं की त्या काळातली काही पानं उंदरांनी खाल्ली, क्षमा असावी. चाचा दिवसभर चौकात येरझाऱ्या घालत होते. "चारशे वर्षं सांभाळलं आणि उंदीर. उंदीर!" आईला वाटलं गावाला कुणीतरी वारलं. ती पदर सावरून विचारायला गेली.

त्यांचं एक वाक्य होतं, ते मी आजही वापरते. आधी दफन बघा, मग जोडा. होतं काय, की माणूस आपल्या आजोबाच्या आजोबाचं नाव घेऊन शोधायला लागतो, आणि कुठल्यातरी बड्या जमीनदाराच्या घरात त्याच नावाच्या बाळाचा बाप्तिस्मा सापडतो. झालं. माणूस हरखतो आणि त्या बाळाला आपल्या घराण्याचं झाड जोडून मोकळा होतो. पण त्याच रजिस्टरची पुढची पानं उलटली तर तेच बाळ दोन महिन्यांत पुरलेलं असतं. "मेलेल्या पोराला नातवंडं चिकटवतात," चाचा म्हणायचे. "अर्ध्या इंग्लंडची खानदानं अशी आहेत. आणि ढाली तपासायला राजाची माणसं गावोगाव फिरली ना, त्यांनी तरी काय केलं? जमीनदाराकडे जेवले आणि तो सांगेल ते लिहून घेतलं. वरच्या पिढ्या सगळ्या जेवणाच्या टेबलावर जन्मल्यात."

एका इंजिनिअर साहेबाचं असंच झालं. त्यानं लंडनच्या कुठल्याशा दुकानातून आपल्या आडनावाची ढाल विकत आणली, फ्रेम केली आणि ऑफिसात लावली. तीन पांढरे घोडे होते तीवर. वर चाचांना म्हणाला, आता खाली माझ्या नावापर्यंत झाड काढून द्या. चाचांनी पत्रं पाठवली, उत्तरं आली, आणि ज्या पोरावर सगळं टेकलं होतं ते पाळण्यातच गेलेलं निघालं. साहेब म्हणाला, त्या एका दफनाकडे दुर्लक्ष करता येणार नाही का? चाचा म्हणाले, "सर, त्याच्या आईला करता आलं नसेल. मला कसं येईल? आणि ढाल आडनावाची नसते, माणसाची असते. ज्याला दिली त्याची आणि त्याच्या पोटच्यांची. ही दुकानातून आणलेली भिंतीवरून उतरवा."

साहेबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या आठवड्यात चाचांचं टेबल वर्कशॉपच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये गेलं, ऐन उन्हाळ्यात. चाचांनी घरचा पंखा उचलून नेला आणि तिथं बसून टायसकट काम केलं. बाबा म्हणाले, माफी मागून टाका भाई, तोंडदेखली. चाचा म्हणाले, "कुणाची मागू? त्या पोराची?" थंडी पडेपर्यंत ते शेडमध्येच होते, आणि घोडे भिंतीवरच होते. दोघांपैकी कुणीच हटलं नाही.

आता बाबांचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

या मुलखात कुठल्याही खिडकीवर गेलं की माणसाला तीन नावं विचारतात. तुझं, बापाचं, बापाच्या बापाचं. तिन्ही नसली तर कागद पुढं सरकत नाही. आणि बाबांना बाप ठाऊक नव्हता. म्हणून खिडकीवर गेले की त्यांचा हात डोक्यावरच्या टोपीकडे जाई, ती ते जरा मागं सरकवत, आणि तोंडाला येईल ते नाव सांगून टाकत. बंदराच्या पासावर त्यांचा बाप म्हणजे जुन्या गलबतावरचा नाखवा. हॉस्पिटलच्या कार्डावर गावच्या मशिदीत अजान देणारा बांगी. इथं राहायच्या परवान्यावर, इकाम्यावर, अब्दुल्ला, म्हणजे अल्लाचा बंदा. ज्याला बाप नाही त्याला इथं सगळे अब्दुल्लाच लावून देतात.

एकदा इकामा नवा करायचा होता आणि अर्ज लिहायला चाचा बसले. तिन्ही कागद त्यांच्यापुढं आले. त्यांनी चष्मा वर केला. "तांडेल, तुम्ही फार श्रीमंत. लोकांना बाप एकच असतो."

बाबा हसले. मग त्यांनी सांगितलं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत, जाळ्याच्या ढिगात, एका सकाळी ते सापडले होते. सुकट वाळत घालायला आलेल्या एका विधवेला सापडले. तिनंच वाढवलं. ती डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव सुकट विकायची आणि हे तिच्या मागं. ते सात-आठ वर्षांचे झाले तशी ती वारली, आणि ते गलबतावर गेले. हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आईला ठाऊक होतं, तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर चुकचुकला असता. चाचांनी विचारलं, "होडी कुणाची होती? उजवीकडच्या वाड्यातली की डावीकडच्या?" मग म्हणाले, "इंग्लंडात असली मुलं ढीगभर आहेत. पाद्री त्यांच्यापुढं लॅटिनमध्ये दोन शब्द लिहायचा. अर्थ काय, तर लोकांचं लेकरू. बाप माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं आणि पुढं जायचं. त्या पाद्र्यांना लाज नाही वाटली, तुम्हाला कशाला?"

बाबांनी मान हलवली. पण पुढच्या खिडकीवर हात परत टोपीकडेच गेला.

आणि मग माझं स्थळ आलं. अहमदीच्या स्टोअरमध्ये काम करणारा, रत्नागिरीचाच मुलगा. ईदच्या दिवशी आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला आला होता, मी वाटी दिली होती. खोटं कशाला सांगू, मला तो आवडला होता. लाजायचं वय होतं तेव्हा लाजले, आता काय. त्याचे मामू इथं होते, मोठं प्रस्थ. त्यांचं घराणं म्हणे बसऱ्याहून आलेलं, थेट अरब. त्यांच्याकडे कातडी नळीत गुंडाळून ठेवलेला शजरा होता, कुळाचं झाड. मामूंनी निरोप पाठवला. मुलगी चांगली आहे, तक्रार नाही. फक्त तुमचा शजरा पाहू, सात पिढ्या पुरे.

सात! आमच्याकडे दीड होती.

आई म्हणाली, चाचा कशासाठी आहेत? इंग्रजांच्या पंधरा-पंधरा पिढ्या काढतात, आपल्या पोरीसाठी सात नावं लिहायला काय जातंय? गावात कोण तपासणार आहे, कबरी तर दर्यानं खाल्ल्या. बाबांनी आयुष्यात कुणापुढं हात पसरले नव्हते. त्या दिवशी चाचांच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "भाई, पोरीसाठी."

चाचा म्हणाले, "नाही."

तेवढंच. मी दाराबाहेर होते.  बाबा मान खाली घालून निघाले आणि मी तशीच आत घुसले. काय काय बोलले ते आता सगळं सांगत नाही. म्हटलं, तुमच्या पाद्र्यांनाच बोलवा माझ्या लग्नाला. म्हटलं, साहेबांची मेलेली पोरं तुम्हाला जिवंत पोरींपेक्षा जवळची. चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बस गो."

मी बसले नाही.

"सात नावं लिहायला मला अर्धा तास पुरे. अक्षर असं काढीन की मामू डोळ्याला लावतील. पण उद्या तुझी पोरं त्या सात जणांना फातिहा पढतील. जे कधी जन्मलेच नाहीत त्यांना. आणि जिनं तुझ्या बापाला भाकरी भरवली, तिला कोण पढणार? तिची जागा मी कुणाला देऊ?"

मी आणखीच चिडले. दार आपटून निघून आले. मग त्यांची पांढरी बशी मी मुद्दाम लाल ताटांच्या खाली ठेवायला लागले. चाचा काढून घेत, पुसत, आणि जेवत.

मामू ठरल्या दिवशी आले, भाच्याला घेऊन. आई आणि मी दाराआड, आईनं माझं मनगट घट्ट धरलेलं. बाबा चटईवर बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. चाचांनी एक कागद आणला आणि मामूंपुढं ठेवला. त्यात खाली मी होते, वर आई-बाबा. आईच्या बाजूला तिचे वडील, आजोबा, ठाऊक होते तेवढे. बाबांच्या वर तुटक रेघ, आणि रेघेच्या टोकाला एका बाईचं नाव. कागदाच्या माथ्यावर एक ढाल काढलेली, निळ्यावर पांढरी होडी. रंगावर चांदी.

मामू म्हणाले, "ही बाई कोण?"

चाचा म्हणाले, "सुकट विकायची. हिनं वाढवलं."

"आणि यांचा बाप?"

"ठाऊक नाही."

मामूंनी कागद बोटानं परत सरकवला. "भाई, तुमचं नाव ऐकून होतो. चेष्टा करायला बोलावलंत काय?"

"नाही. तुमचा शजरा आणलाय ना? बघू द्या. मला आवडतात."

मामूंनी नळी उघडली. चाचांनी भिंग काढलं, शजरा चटईवर पसरला आणि खालून एकेक नाव अदबीनं, मोठ्यानं वाचत वर गेले. अक्षराचं कौतुक केलं, शाईचं केलं. मामू जरा सैल झाले. सगळ्यात वरच्या नावावर चाचांनी भिंग थांबवलं.

"हे बसऱ्याहून आले ते?"

"हेच."

"यांचे वडील?"

"इथून सुरू होतं."

"सुरू कसं होईल? बाप असणारच."

"असेल. ठाऊक नाही."

चाचांनी भिंग पुसलं. "तांडेलही तेच म्हणतात. मी सगळी झाडं पाहिली, साहेबांची, जमीनदारांची. प्रत्येकाच्या टोकाला एक असाच बसलेला असतो, बाप ठाऊक नसलेला. तुमचा बसऱ्यात बसलाय. आमचा तुमच्यासमोर चहा पितोय. फरक एवढाच, की आमच्याला आम्ही ओळखतो."

मामू उठले. शजरा नळीत नीट जाईना. "चल रे," भाच्याला म्हणाले.

तो बसूनच होता. कप त्याच्या हातात होता. म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मामू. चहा संपवून येतो."

तो चहा त्यानं इतका सावकाश प्यायला की वर सायीची पापडी धरली. मामू दारात थांबून थांबून निघून गेले. मग त्यानं कप खाली ठेवला आणि बाबांना विचारलं, "तारीख कधीची धरायची?" तेव्हा मी त्याला मनात 'तो' म्हणत होते. त्या दिवसापासून 'हे' म्हणते.

सासूबाईंनी पुढं आमचा पहिला मुलगा होईपर्यंत पत्र लिहिलं नाही. मामूंनी मरेपर्यंत सलाम घेतला नाही. आमचं काही अडलं नाही. चाचा साठीनंतर गावाला परत गेले, जाताना पुस्तकं एका पाद्र्याला पाठवून दिली आणि पांढरी बशी मला. होडीचा कागद माझ्या भिंतीवर आहे. नातवंडं विचारतात, दादीजान, व्हॉट इज दिस, आणि मी सांगते.

निका आमच्याच चौकात झाला. आमच्यातलेच एक मौलवी लिहायला बसले. मामू आले नव्हते, पण त्यांच्या बाजूची माणसं आली होती, काय होतं ते बघायला. नवऱ्या मुलाचं नाव, बापाचं, आजाचं, पणजाचं, धाडधाड लिहून झालं. मग माझं. मग बाबांचं. मग मौलवींनी मान वर केली. "तांडेल, तुमच्या वडलांचं?"

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. चाचा साक्षीदार म्हणून बाबांच्या शेजारीच होते. ते आपली नखं बघत होते.  बाबांचा हात टोपीकडे गेला. पडद्याआडून मला दिसत होतं, आणि मी मनात म्हटलं, सांगून टाका बाबा, अब्दुल्ला म्हणा, संपवा एकदाचं.

हात टोपीला लागला आणि तसाच खाली आला.

"बाप ठाऊक नाही," बाबा म्हणाले. "वाढवलं तिचं नाव लिहा."

मौलवी अवघडले. "तिथं बाईचं नाव लिहीत नाहीत, तांडेल."

"मग जागा कोरी ठेवा. पण नाव ऐकून घ्या सगळ्यांनी."

आणि जेट्टीवर वाऱ्यात लाँचवरच्या माणसांना हाक मारत तशा आवाजात, पलीकडच्या घरांना ऐकू जाईल असं, बाबांनी ते नाव घेतलं.

"हवाबी."